केसपेपरवरची ओळ

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. मामीकडून तुझा पत्ता घेतला. तिनं दोनदा विचारलं, "पत्रच लिहिणार आहेस ना? भांडण नाही ना उकरून काढणार?" तिला म्हटलं, भांडायला लागतं तेवढं त्राण आता अंगात नाही. तू बरी असशील. आम्ही सगळे मजेत. म्हणजे ह्यांची बदली एकदाची टळली, लेक कॉलेजात जायला लागली, आणि स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. सहा वर्षांच्या बातम्या एवढ्याच निघाल्या बघ.

मी अजून मास्तरांच्याच दुकानात आहे. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तोंड मात्र तसंच चालतं. काजं, बटणं, हातशिलाई आणि शेवटची इस्त्री माझ्याकडे असते. तुझ्या मशीनवर एक नवी मुलगी बसते. कामाला बरी आहे, पण कॉलर तुझ्यासारखी बसत नाही तिची.

मागच्या महिन्यात माझ्या हातून एक कोट जळला. इस्त्री तापली की नाही ते मी ओलं बोट लावून बघते, तुला माहीतच आहे. त्या दिवशी बोट लावलं तर काहीच कळलं नाही. म्हटलं, अजून गारच आहे. बटण आणखी वाढवलं आणि थोड्या वेळानं कोटावर टेकवली. पाठीवर इस्त्रीचा अख्खा आकार उमटला. मास्तर ओरडायला म्हणून आले आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "हे काय गं?" बोटाला टरटरून फोड आला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

आता गंमत बघ. ज्या बोटांना इस्त्री कळत नाही, त्याच बोटांची दिवसभर नुसती आग होते. तळपायांचंही तेच. उभं राहिलं की सुया टोचतात, बसलं की भाजतं. पायावर चादरीचं टोक आलं तरी जीव जातो. हे म्हणतात, "जरा चालून ये, मोकळं होईल." ह्यांचा सर्दीपासून सगळ्यावर हा एकच उपाय.

नसांच्या डॉक्टरकडे तीनदा जाऊन आले. रक्त तपासलं, साखर नाही. हातापायांना तारा लावून करंट दिला, तोही रिपोर्ट नॉर्मल. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "रिपोर्ट छान आहेत बाई, तुम्हाला आनंद व्हायला हवा." मी बोटावरचा डाग दाखवला. "मग इस्त्रीपासून लांब राहा," म्हणाला आणि स्वतःच हसला. मी म्हटलं, "डॉक्टर, इस्त्री करणं हेच माझं काम आहे." तोवर त्यानं झोपेची गोळी लिहून कागद पुढं सरकवला होता आणि पुढचा पेशंट आत आला होता. मी दारात उभी राहून "पण" म्हणाले. नुसतं "पण". घरात माझ्या तोंडाला कुलूप नसतं, तिथं तेवढा एकच शब्द निघाला. बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले, चांगली चारचौघांत रडले.

इथवर सकाळी लिहिलं. पेन धरवेना म्हणून ठेवून दिलं होतं. आता जेवणं झाली, लेक बाहेर गेली. वाचून बघितलं तर जे लिहायला बसले ते सोडून कोटाचंच पुराण लावलं आहे.

पहिल्याच दिवशी डॉक्टरनं विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" मला भीती वाटली की हा आता मला नाटकी समजणार. म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, "मोठ्या बहिणीला होता. पण तिचं खरं काही नव्हतं, मनाचं होतं. माझं तसं नाही." मी बाई समजूतदार, उगाच कुरकुरणारी नव्हे, हे त्याला पटवायला निघाले होते. त्यानं मान डोलावली आणि केसपेपरवर सगळ्यात वर लिहून घेतलं, "बहिणीला असाच त्रास, मानसिक."

नंतर तोच केसपेपर घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेले, तिथं तो त्यांच्या फायलीला जोडला. तिथली डॉक्टरीण तरुण, गोड बोलणारी. तिनं केसपेपर उघडला, ती ओळ वाचली आणि पेनाला टोपण लावलं. "काकू, हे तुमच्या घरातच दिसतंय. मनाच्या डॉक्टरांना दाखवा." मी म्हटलं, "ती ओळ चूक आहे, मीच चुकीचं सांगितलं." ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात." तिथल्या केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाला ओळ खोडायला सांगितली, तर तो म्हणाला, "लिहिलेलं खोडता येत नाही. बहिणीचे कागद आणा, मग बघू."

मामीकडून कळलं की तू गाव सोडून तिकडे गेल्यावर तुझ्या पायाची चिमूटभर कातडी काढून तपासली आणि तुझ्या दुखण्याला नाव मिळालं. नाव तिला सांगता येईना. म्हणजे तुझं खरं होतं. मामी हे सहज सांगून गेली आणि मी तिच्याकडे तुझा पत्ता मागितला.

आता हेही लिहून टाकते. तू मशीनखाली घमेल्यात गार पाणी घेऊन, त्यात एकेक पाय सोडून शिवायचीस. तेव्हा मास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हिला खरंच काही होतं का गं?" मी म्हणाले, "काही नाही हो, कंटाळा आलाय तिला कामाचा." पुढच्या आठवड्यात तुझं काम सुटलं. घरी येऊन मी मास्तरांच्या नावानं खडे फोडले आणि तू माझी समजूत काढत होतीस. शेवटच्या भांडणात मी तुला तोंडावर नाटकी म्हणाले ते तुला माहीत आहे. हे माहीत नव्हतं.

का म्हणाले? तुझं अर्धं काम माझ्या अंगावर पडत होतं, म्हणून. याहून बरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

परवा मास्तरांनी त्या नव्या मुलीला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे बघत होती. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी मान खाली घालून काजं करत राहिले. दुसरं काय करणार होते मी?

तर मला तुझे ते कागद हवे आहेत. झेरॉक्स चालेल. मोठ्या हॉस्पिटलातली पुढची तारीख तीस नोव्हेंबरची आहे. कागद असले तर माझीही तशीच तपासणी करतील. नाहीतर तीच ओळ वाचतील आणि पुन्हा टोपण लावतील. मागायचीही लाज वाटते. पाठवावेसे वाटले नाहीत तर पाठवू नकोस, मला बोलायला तोंड नाही.

तुला दुखत होतं त्या दोन वर्षांत आपण एकाच टेबलाशी बसत होतो. मी तुला एकदाही विचारलं नाही, कुठं दुखतं म्हणून. आज विचारते, तेही स्वतःच्या पायावर आल्यावर. कागद नाही पाठवलेस तरी याचं उत्तर दे. अजून दुखतं का गं, ताई?

तुला सगळ्यांत आधी खोटी ठरवणारी,
तुझी धाकटी