खळग्यातलं नाव

३ नोव्हेंबर
पोचलो. झकास हवा. माझ्या हातचं काम इथं लिहून ठेवतो, दुसरं कोण ठेवणार? देगलूरच्या मठाची दगडी चौकट, विष्णुपुरीकडची एक समाधी, हिमायतनगरचा नंदी. बघून बघून शिकलो, गुरू केला नाही. सगळ्यांवर नावं मात्र देणगीदारांची.
कंधारपलीकडचा हा किल्ल्यातला महाल लातूरच्या राजशेखरशेठनी घेतलाय. हॉटेल करणार. दरवाजावर त्यांचं नाव कोरायचं.

४ नोव्हेंबर
दरवाजावरच्या दगडाला मधोमध परातीएवढा खळगा. बहमनी सरदार, मोगलांचा किल्लेदार, निजामाचा जहागीरदार, शेवटी उदगीरचे व्यापारी शंकरप्पा. जो घेईल त्यानं आधीचं नाव तासायचं, आपलं कोरायचं, ही इथली रीत. राखणीच्या तुळजाबाई म्हणाल्या, मिस्त्री, जित्या माणसाचं नाव तासू नका, शंकरप्पा हायेत अजून. मी म्हटलं, दगडातलं मला शिकवू नका.
तासलं. शेठचं नाव खडूनं आखून ठेवलं. त्याआधी कोपऱ्यात, करंगळीएवढ्या अक्षरांत, माझं कोरलं: रेवणसिद्ध. एकदा तरी.

५ नोव्हेंबर
शेठच्या अक्षरावर छिन्नी चालेना. धार मोडली, दगडाला ओरखडा नाही. दगडात नाव एकच, माझं. महाल फुकटात मारला की मिस्त्री, म्हणून तुळजाबाई हसल्या. तेवढ्यात उदगीरचा फोन आला. शंकरप्पा काल गेले. तोंड कापडानं झाकूनच समाधी दिली म्हणे. तुळजाबाईंचं हसू गेलं.

६ नोव्हेंबर
भर दुपारी सदरेत माणसं. जामा, शेरवानी, पागोटं. चेहऱ्याच्या जागी तासलेला दगड. शेवटच्याच्या सपाट कपाळावर विभूतीचे पट्टे. शंकरप्पा. त्या तोंडावरची छिन्नी माझी — घाव ओळखला.

७ नोव्हेंबर
दरवाजात ओळीनं उभे. मला बाहेर जाऊ देत नाहीत. तुळजाबाई बाहेरून ओरडल्या, मालकाला त्ये सोडत न्हाईत, नाव काढण्यापुरती वाट देतील, काढा, सुटाल. सुटेन, पण तोंड —

८ नोव्हेंबर
बाहेर दुसऱ्याची छिन्नी. शेठनी माणूस आणलाय, माझं नाव तासायला. नवशिका हात, तिरपा धरतोय, गाढव —
नाकाला हात लावला. कमी —
सकाळीच शेठ उंबऱ्यापलीकडून म्हणाले होते, मिस्त्री, खुशीनं स्वतः तासा, लातुरात घर बांधून देतो, वर रोख. माझं नाव मी तासू? नको म्हटलं. घर, आणि वर अकरा लाख. अकरा लाख, रोख, आणि मी —