काळीची चोच

सूनबाई,

कोंबड्यांना दाणापाणी झालंय, टोमॅटोंना पाणी घातलंय. काळीला वेगळं कोंडलं आहे. कितीही कलकलाट केला तरी सोडू नकोस. आज सकाळी मी खुराड्यामागे तासभर उकिडवा बसलो, तेव्हा रोजचं अंडं पळवणारा चोर सापडला. काळीने अंडं घातलं, मागे वळली आणि स्वतःच फोडून खाल्लं. चोच पिवळीधमक!

तू महिन्यापूर्वीच म्हणाली होतीस, "बाबा, आधी काळीची चोच बघा." मी तुलाच झापलं, मला कोंबड्या शिकवू नकोस म्हणून. आणि आळ घेतला शेजारच्या शिंपीणबाईंच्या कुत्र्यावर. त्याला हलवा म्हणून अख्ख्या गल्लीच्या सह्या गोळा केल्या. त्या बाईंनी त्याला बहिणीच्या गावी नेऊन सोडलं. तेव्हापासून तू माझ्याशी कामापुरतंच बोलतेस. बरोबर आहे तुझं.

दूधवाल्याच्या गाडीतून कुत्र्याला परत आणायला चाललोय. मला बघून चावला, तर तो त्याचा हक्कच आहे. ज्यांच्या सह्या घेतल्या, त्यांच्या घरी संध्याकाळी स्वतः जाईन. शिंपीणबाईंना तू काही सांगू नकोस, ते माझ्याच तोंडून कळू दे. माफी मागायची सवय नाही. वाटेत शब्द जुळवीन.

कुंपणापलीकडे त्याचं पाण्याचं भांडं त्या अजून रोज सकाळी भरून ठेवतात. मला ते महिनाभर दिसत होतं.

बाबा