भट्टीत न गेलेले दगड

आबा, त्या दिवशी भट्टी का गोठली ते मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. त्यानंतर तुम्ही पाच वर्षं जगलात आणि त्या पाच वर्षांत ते कारण शोधण्याखेरीज दुसरं फारसं काही केलं नाहीत, आणि मी रोज तुमच्यासमोर पाटावर बसून जेवत होतो. तुम्हाला जाऊनही आता पंधरा वर्षं झाली. आज रविवार आहे, शिरोलीचा आमचा कारखाना बंद आहे, घरातली सगळी लग्नाला गेली आहेत, दुपारचे अडीच वाजलेत. क्रमानं लिहितो. क्रम चुकला की तुम्ही समोरच्याला परत पहिल्यापासून सांगायला लावायचात.

उद्यमनगरातल्या त्या फौंड्रीत तुम्ही भट्टीचे मिस्त्री. मी सातवीत शाळा सोडलेला, चार ठिकाणी कामं करून चोविसाव्या वर्षी तुमच्या हाताखाली चार्ज भरायला आलो. पहिले सहा महिने तुम्ही मला काट्याला हात लावू दिला नाहीत. मग एका सकाळी स्वतःचा दगड फोडायचा हातोडा, तो चिंचेच्या दांड्याचा, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आजपास्नं काटा तुझा. मी मागनं मोजायला येनार न्हाय." एवढंच. घरी आईला मात्र दोनदा सांगितलंत. तीनशे किलो लोखंड, छत्तीस किलो जळणाचा कोक, अकरा किलो चुनखडी, असा एक चार्ज. चुनखडी कशाला, असं मी विचारल्यावर तुम्ही गुऱ्हाळाचा दाखला दिला होता. रसाला भेंडी लावली की मळी वर येते, तसं हे. लोखंडाबरोबर त्याचा गंज, माती, कोकची राख सगळंच वितळतं. चुना त्या घाणीला पातळ करतो, ती वर तरंगते आणि आपल्या वेगळ्या भोकातून वाहून जाते. चुना कमी पडला की तीच घाण काहिलीत करपलेल्या गुळासारखी दाटते आणि भट्टीचा घसा धरते. म्हणून ट्रक आला की तुम्ही खिशातून लिंबू काढायचात. दगडावर खिळा ओढून जरा भुगा पाडायचा, वर लिंबू पिळायचं. फसफसला तर खरा. नाही फसफसला तर तो मागच्या भिंतीकडं, बाद ढिगात. "ती नुसती वाळू हाय. आत गेली तर घान काढायची सोडून घानीत भर घालती," असं तुम्ही मला सांगितलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडं नाही.

पहिला शिंपला मला त्याच हातोड्यानं मिळाला. मोठा दगड फोडला तर आत सुपारीएवढा, उभ्या रेघांचा, दोन्ही झाकणं मिटलेली. मी तो हातात धरून उभा राहिलो. साचे करणारा आपला तो म्हातारा मोल्डर ओरडला, "काय रं, मासं खायचं असलं तर रंकाळ्यावर जा की! दगडात कशाला हुडकालायस?" सगळे हसले. तुम्ही आलात, शिंपला उलटसुलट करून पाहिलात, आणि हसला नाहीत. म्हणालात, "कोकनात शिंपलं जाळूनच चुना करत्यात. ह्यो दगड म्हंजे नुसता चुनाच. भट्टीला ह्येच्यासारखं ग्वाड काय न्हाय." आणि मग लगेच, "पर भट्टीच्या टायमाला हातात भट्टीचंच पायजे. खेळनं घरी." मी तो शिंपला खिशात टाकला. तुम्ही पाहिलंत, आणि एका दगडानं काय होतंय म्हणून सोडून दिलंत.

एकानं काही झालं नाही हे खरं. पण मला त्याचं वेड लागलं. आपल्या कोल्हापूरचा सगळा दगड काळा, ज्वालामुखीचा, त्यात असलं काही सापडायचं नाही. आणि हा पिवळसर दगड ट्रकमधून कुठून कुठून येतोय आणि त्याच्या पोटात समुद्र आहे. शंखासारखं वळण घेतलेले, शिंपले, एकात तर लिंबाएवढा गोळा आणि त्याच्यावर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं. तो समुद्रातला काटेरी प्राणी, हे मला दोन वर्षांनी कळलं. वाचनालयातली जाड इंग्रजी पुस्तकं मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचली, एका पानाला एक संध्याकाळ. कुणी शिकवलं नाही, मी कुणाला विचारलंही नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा चित्र न बघता एक शिंपला कुठल्या जातीचा ते ओळखलं, त्या दिवशी तुमच्या मालकापेक्षा मी स्वतःला मोठा समजलो होतो. दगड काढून घ्यायची माझी पद्धत ठरलेली होती. चार्जमधला शिंपल्याचा दगड बाजूला, त्याच्या वजनाचा दुसरा चांगला दगड काट्यावर. कमी वजनाचा चार्ज माझ्या हातून कधी गेला नाही. याचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजून आहे.

भट्टी गोठली त्या दिवशी आदल्या सांजेला आलेल्या ट्रकचा माल लागला. तुम्ही लिंबू पिळून बघितलंत, खूश झालात. "आज भट्टी लोन्यागत चालंल बघ," म्हणालात. मी फोडायला घेतला आणि माझे हात थांबले. दर दुसऱ्या दगडात शिंपले. एकेका दगडात दहा-बारा, एकमेकांवर, जसे किनाऱ्यावर पडले तसे. बदली टाकायला चांगला दगड घ्यावा तर त्यातही तेच. कुठलाच दगड आत टाकवेना. तुम्ही वर हवा सोडायच्या तयारीत होतात. मी मागच्या भिंतीकडं गेलो. पहिले सहा चार्ज, दर चार्जला पाच किलो शिंपल्याचा दगड काढला आणि पाच किलो बाद ढिगातला घातला. एकूण तीस किलो. काट्यावर अकरा म्हणजे अकराच. पहिले चार्ज आहेत, भट्टी तापलेली आहे, ओढून नेईल, असा मी हिशेब मांडला होता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा हिशेब.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घाणीचं भोक आधी बारीक झालं, मग बंद. वाऱ्याच्या भोकांच्या काचेतून बघितलं तर नेहमीचा लख्ख उजेड नाही, काळी लोंबणारी जाळी. तुम्ही म्हणालात, "चुना वाढव!" मी वाढवला, तेव्हा मात्र चांगला, शिंपल्यांसकट. उशीर झाला होता. मोल्डर लोखंड ओतायच्या लाडल घेऊन रांगेत उभे, साचे तयार, आणि लोखंडाच्या तोंडातून बोटाएवढी धार येऊन तीही थांबली. तुम्ही पहार घेतलीत. मालक ओरडले, "मिस्त्री, सोडा ते, मागं या!" तुम्ही म्हणालात, "माझी भट्टी हाय." तिसऱ्या घावाला आतून वितळलेलं लोखंड एकदम फुटून बाहेर आलं आणि तुमचा उजवा हात कोपरापर्यंत गेला. गेला म्हणजे तुटला नाही. नीट लिहायला हवं. भाजला, तीन बोटं आखडली आणि परत कधी सरळ झाली नाहीत. भट्टी चार दिवस छिन्नीनं फोडून काढावी लागली. तुम्ही सरकारी दवाखान्यात होतात. त्या चार दिवसांत मी दोन पोती सायकलच्या कॅरिअरला बांधून, दोन खेपांत, तीस किलो दगड घरी आणले. पहिली खेप टाकून तसाच दवाखान्यात तुमचा डबा घेऊन आलो होतो. तुम्ही विचारलंत, "हाताला धूळ कशाची रं?" मी म्हणालो, भट्टी फोडतोय.

मालक वाईट नव्हते. त्यांनी तुम्हाला काढलं नाही, गेटवर बसवलं. एकोणीस वर्षं जी माणसं तुमच्या शिट्टीवर हलत होती, ती येता-जाता आवाज टाकायची, "काय मिस्त्री, आज गेट गोठलं न्हाय न्हवं?" म्हातारा मोल्डर तेवढा कधी हसला नाही. घरी तुम्ही चुलीशेजारी भिंतीला टेकून बसायचात. तुम्हाला डाव्या हातानं जेवायची सवय व्हावी म्हणून आई ताटात भाकरी कुस्करून ठेवायची, आणि तुम्ही ती तशीच ठेवून सुरू करायचात. कोक ओला होता का? ब्लोअरचा पट्टा सरकला का? लोखंडात वाळू जास्त होती का? दगड तर मी स्वतः बघितलेला. माझं डोळं गेलं का गं? आई म्हणायची, "जेवा की आता. किती दिस उकराल त्येच त्ये?" मग तुम्ही माझ्याकडं वळायचात. "वजन बरोबर घेतलंतास न्हवं?" आणि मी म्हणायचो, "व्हय आबा. बरोबर." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुम्ही मान हलवायचात आणि म्हणायचात, "मग माझंच कायतर चुकलं." पाच वर्षांत किती वेळा, ते मी मोजलं नाही. शेवटच्या आजारात, ताप चढला की आखडलेल्या बोटांनी हवेत खिळा ओढायचात. आईला वाटायचं तुम्ही काही लिहिताय.

गेल्या महिन्यात मी ते दगड इथल्या एका कॉलेजात नेले. तिथल्या भूगर्भशास्त्राच्या सरांची वाचनालयात ओळख झाली होती. चार खोकी, कापसात बसवलेले, एक ते चौतीस आकडे घातलेले, प्रत्येकाचं मी स्वतः काढलेलं चित्र. तीस किलोतून एवढेच धड निघाले. सरांनी भिंगातून एकेक पाहिला. "ओळख तुम्ही केलीत? कुठं शिकलात?" मी म्हणालो, "कुठंच नाही." आबा, तो क्षण मला वीस वर्षं हवा होता. मग त्यांनी विचारलं, "स्थळ?"

"फौंड्रीत आले होते, सर."

"अहो, फौंड्रीत समुद्र नव्हता ना," ते हसले. "खाण कुठली? गाव कुठलं?"

मला माहीत नव्हतं. दगड दोन व्यापाऱ्यांकडून यायचा, दोघंही आता नाहीत. धुळीच्या रंगावरून कुठल्या खाणीचा माल ते सांगणारा एकच माणूस होता, ड्रायव्हरना नावानं ओळखणारा. रोज संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसलेलो असायचो. विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण ट्रक कुठला होता असं विचारलं असतं, तर तुम्ही "का?" म्हणून विचारलं असतंत.

सरांनी चष्मा काढला. "मग काय उपयोग हो? कुठल्या थरातला ते माहीत नाही तर हे अनाथ झाले. शोभेचे. जमवणाऱ्यानं एवढी साधी नोंद ठेवू नये?"

आणि मी म्हणालो, "वडिलांनी जमवलेत. भट्टीचे मिस्त्री होते."

"असं होय. मग बरोबर आहे. अडाणी माणसाला काय कळणार त्यातलं. जपून ठेवलेत हेच खूप." त्यांनी माझ्यासमोर कार्ड लिहिलं, सुंदर अक्षर आहे त्यांचं. संग्राहक म्हणून तुमचं पूर्ण नाव. त्याखाली, स्थळ अज्ञात. काचेच्या कपाटात, मधल्या फळीवर लावलंय. मी धन्यवाद म्हणालो आणि शिपायानं दिलेला चहाही घेतला.

उद्या जाऊन ते कार्ड बदलून घेतो, असं इथं लिहायचं म्हणून मी सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय. सर सोमवारी दोननंतर असतात, तेही विचारून ठेवलं आहे. आबा, मी जाणार नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार असतं, तर एवढं तरी लिहिलं नसतं.