आधी गूळ द्यायचा

सांगली,
रविवार, ६ जुलै २०२५

तीर्थरूप तात्या,

सयूचा नमस्कार. काकूंचा गुडघा आता बरा असेल. इकडे आई ठीक आहे. बाबांची कुपवाडच्या फाउंड्रीत या आठवड्यात रात्रपाळी आहे, ते दुपारी झोपतात आणि घर चिडीचूप असतं. त्या शांततेत लिहायला बसले आहे. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन काकूंच्या हातात देता. पत्र तसं देता येणार नाही. शिवाय मी आता पोस्टाची माणूस, पहिलं पत्र घरातच जायला हवं.

बातमी तुम्हाला कळली आहेच. दहावीच्या मार्कांवर माझं पोस्टात नाव लागलं आणि शाखा मिळाली ती आपल्याच गावची. गावातच राहायची अट आहे आणि महिनाअखेर हजर व्हायचं आहे. बाबा म्हणतात, थोरल्या भावानं त्याच्या घरी ठेवून घेतलं तर पाठवतो, परक्याच्या खोलीत तुला एकटीला सोडणार नाही. आणि तुम्ही काकूंकडून निरोप दिलात, "आमच्यात नको." आईला वाटलं, जमिनीवरून काही मनात असेल. मी तिला म्हटलं, तसलं काही नाही.

काय आहे ते पुढे लिहिते. आधी दवाखान्याचं सांगते.

तुम्ही मला जवळून पाहिलंत त्याला पाच वर्षं झाली. तेव्हा इन्शुलिन संपत आलं की आई माप कमी करून पुरवायची. पुढे गल्लीतल्या आशाताईंनी इथल्या सरकारी दवाखान्याचं सांगितलं. लहान वयात इन्शुलिनवर असलेल्या मुलांसाठी तिथे महिन्यातला एक शनिवार असतो. इन्शुलिन, सुया, बोटातलं रक्त तपासायच्या पट्ट्या, सगळं मिळतं. आता माप कमी करावं लागत नाही. पण मला खरा आधार वाटतो तो तिथल्या बाकाचा. सगळी माझ्यासारखीच पोरं. लहानपणी गोड फार खाल्लंस का, असं तिथे कुणी विचारत नाही.

शिकवायला शबाना सिस्टर आहेत. आवाज बाजारातल्या हळदीच्या सौद्यात चालेल असा. पोराला सुई कशी लागते ते घरच्यांना कळावं म्हणून त्या आईबापांना स्वतःच्या पोटात नुसत्या पाण्याची सुई टोचून घ्यायला लावतात. मागे एक सुभेदार आले होते, निवृत्त, भरघोस मिशा. सुई बघितली आणि डोळे गच्च मिटून बसले. सिस्टर म्हणाल्या, "सीमेवर पण असेच मिटत होता काय?" त्यांची नात हसून हसून बाकावरून घसरली. त्या दिवशी आईही हसली. दवाखान्यात ती हसेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या बाकावरच मला कळलं की आपल्या घराला माझा आजार निम्माच माहीत होता. साखर वाढते ते वाईट, एवढंच. ती एकदम कमीही होते आणि ते जास्त घाईचं असतं, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तुमच्या गुऱ्हाळावरचं लिहिते, तात्या.

त्या जानेवारीत मला सुट्टीला सोडताना आईनं सगळ्यांकडून वचन घेतलं होतं, पोरीच्या तोंडाला गोड लागू द्यायचं नाही. शब्द पाळणारे तुम्ही एकटेच निघालात, बाकीच्यांनी मला चोरून उसाची कांडकी दिली होती. त्या दिवशी रसाची काहील चुलीवरून उतरली, ताज्या गुळाचा वास सुटला, आणि माझे हात थरथरायला लागले. मी गूळ मागितला. तुम्ही समजावलंत. मी ढेपेचा तुकडा उचलला, तुम्ही तो हातातून काढून घेतलात. मग मी तुम्हाला काय काय बोलले ते मला आठवत नाही, काकूंनी नंतर सांगितलं. साखर कमी झाली की माणूस असाच पिसाळतो, हे सिस्टरांनी शिकवलं. तुम्हाला वाटलं, पोर हट्ट करते. कुणालाही तेच वाटलं असतं.

वाईच्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं होतं, एवढ्या गुळात उभी असलेली पोर बेशुद्ध पडू कशी दिली? तेव्हा मला शुद्ध आलेली होती. तुम्ही खाली बघत होता. पुढच्या हंगामात तुम्ही गुऱ्हाळ दुसऱ्याला चालवायला दिलंत आणि तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीत. मी राग धरलाय असं तुम्हाला वाटत असेल, तर तो कधीच नव्हता. ढेप काढून घेणारे हात तुमचे होते, तसे मला उचलून जीपपर्यंत पळणारेही तुमचेच होते.

मला तुमच्याकडून माफी नको आहे. राहायला जागा हवी आहे.

सिस्टरांचा एक नियम आहे. मूल ज्या घरात राहणार, तिथल्या माणसानं एकदा येऊन शिकून जायचं. आपलं गाव साताऱ्याकडे येतं, तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यांनी बोलून ठेवलं आहे. येत्या शनिवारी तिथे मुलांचा दिवस आहे. मी तिथे नसेन, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. काकूंना पाठवलंत तरी नियम पाळला जाईल. पण तुम्ही जावं असं मला वाटतं.

नाही म्हणालात तरी मी तुमचीच,
सयू


सोमवार, १४ जुलै

चि. सयूस,

तात्याचा आशीर्वाद. तुजं पत्र मिळालं. बांधावर हुबं ऱ्हाऊन वाचलं, मग गोठ्यात जाऊन परत वाचलं. काकू म्हनली, कुनाचं हाय? म्हनलं, पोस्टाचं.

शनवारी साताऱ्याला जाऊन आलो. काकू संगं आली. गुडघा धरत चालली, पर एकट्याला सोडंना. म्हनली, तुमी मधीच यष्टीतनं उतरून माघारी येशिला. तिथं समद्या आया, आन् फेटेवाला मी एकटा. सिस्टरनं इचारलं, पेशंट कुठाय? काकू म्हनली, "ह्योच धरा." समद्या हसल्या. मीबी हसलो.

ती सिस्टर पोरगी लय चांगलं शिकिवती. मग एकेकाला हुबं करून इचाराया लागली. मला म्हनली, पोरीच्या हाताला थरथर सुटली, घाम फुटला, तुमाला वाकडंतिकडं बोलाया लागली, तर काय करशिला? काकूच सांगाया लागली, तिला सिस्टरनं गप केलं. म्हनली, मामा, तुमीच सांगा.

मी म्हनलं, "आदी गूळ दीन. इचारायचं ते मागनं."

म्हनली, बराबर. सयू, ह्ये उत्तर पाच वर्सं माज्या तोंडात व्हतं. कुनी इचारलंच न्हाई.

शुद्ध नसंल तर तोंडात कायबी घालायचं न्हाई, कुशीवर निजवायचं आन् एकशेआठला फोन करायचा, त्येबी पाठ केलंय. पोटात सुई टोचून घितली. डोळं उघडं ठिवून. तुज्या सुभेदाराला सांग.

तुज्या बापाला सांग, पोरगी आमच्यातच ऱ्हाईल, खोलीबिली बघायची न्हाई. माजघराशेजारची खोली काकूनं झाडून ठिवलीया. फ्रीजच्या दारातला कप्पा तुज्या औषधाला रिकामा केलाय.

एक सांगतो, रागावू नगंस. मी रातचा उठून तुला बघून जानार. सिस्टर म्हनली, गरज न्हाई, पोरगी शानी हाय, तिचं ती बघतीया. मला त्ये कळतंय. पर उठल्याबिगर मला ऱ्हावायचं न्हाई. तवा दाराला आतनं कडी घालू नगं.

वाट बघतो,
तुजा तात्या