जसोदाबाईच्या बैठकीतला गालिचा

गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळ.
कामिनी, आधी तारीख घाल. उद्या तूच हे वाचशील आणि विचारशील, आजी, हे कधीचं? चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी पोर तू. मी फोनवर सांगते, तू वहीत उतरव. मला अक्षर येत नाही, गालिचे धुवायचा धंदा येतो.
आज जसोदाबाईकडे. गालिचा तिच्या लग्नातला. मधे झिजून दोरे दिसतात. रविवारी तिच्या नातीला, गायत्रीला, कळसाडीचे लोक बघायला येणार. आधीची तीन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. म्हणाली, या वेळी बैठक तरी नीट दिसू दे वं माय. मी शब्द दिला.
नियम: गालिचा गिऱ्हाईकाच्या घराबाहेर न्यायचा नाही. आपली सर्व्हिस घरपोच.

संध्याकाळ.
तुझा बाप लखन म्हणाला, जुना माल आहे, पाणी बेतानं. मी चार बादल्या ओतायला लावल्या. काळंकुट्ट पाणी निघालं. प्रगती आहे.

शुक्रवार, ७.
ओलाच. दोन पंखे लावले. भिजलेल्या बकरीसारखा वास. अस्सल लोकरीला येतोच. जसोदाबाई नाकाला पदर लावून विचारते, हाऊ मन्हाच गालिचा शे का? स्वतःची वस्तू ओळखेना. वय झालं तिचं. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

शनिवार, ८.
अजून ओला. लखन म्हणतो, रंगही गेला. नियम आजपुरता बाजूला. टेम्पोत घालून मिरचीवाल्या छगनच्या पथारीवर, वाळवणाच्या मैदानात, नेला. एवढी मिरची तिथं उघड्यावर वाळते, गालिच्याला काय धाड भरली? छगन म्हणाला, मावशी, वारा सुटलाय, मिरची उडते. म्हटलं, तू तुझी मिरची सांभाळ.

दुपार.
तीन तासांत खडखडीत. परत आणून बैठकीत अंथरला. आणि लाल रंग परत आला! लखन शिंकत शिंकत म्हणतो, आई, ही मिरचीची भुकटी, व्हॅक्यूम मारतो. मी प्लगच काढला. एवढा आलेला रंग ओढून घ्यायचा? त्याला सर्दी झालीय.

रविवार, ९.
मुलगा उमाकांत, सोबत आईबाप. आईनं गालिचा बघून विचारलं, नवा घेतला का? हे मोठ्या अक्षरात लिही.
मग बापाला शिंक आली. मग सगळ्यांना. उमाकांतच्या डोळ्यांतून धारा. मी सांगितलं, मुलगा मायाळू आहे. तेवढ्यात तो विंचू चावल्यासारखा उठला. जसोदाबाईचा चेहरा पडला. हे चौथं.
गायत्रीनंच सगळ्यांना ओट्यावर नेलं, खुर्च्या टाकल्या, ताक दिलं. उमाकांत शिंकता शिंकता हसला, तीही हसली. जमलं! मुलाच्या बापाची एकच अट: गालिचा मुलीबरोबर द्यायचा नाही.
जसोदाबाई आता तो गोठ्यात टाकायचं म्हणते. म्हशीनं काय केलंय, असं लखननं विचारलं.
मी मात्र शेवटपर्यंत गालिच्यावरच बसले. आपल्या कामावरून आपणच उठलो तर लोक काय म्हणतील?
हे उभ्यानंच सांगतेय. घरी यायचं तर टेम्पोत बसावं लागेल, ते आज नाही. कामिनी, आईला सांग, इकडेच दहीभात पाठव. दही जास्त. फोडणीत एक जरी लाल मिरची दिसली, तर डबा परत येईल.