लाईन झोपू नये म्हणून

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला आहे, कंबर जेवढी वाकू देते तेवढा.) तुझा गुडघा कसा आहे? नव्या गोळ्या घेतेस, की डॉक्टरांचं मन राखायला नुसत्याच आणून ठेवतेस? इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. घरात आजारी एकच आहे, ते म्हणजे इंटरनेट. हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. गेला आहे तो फक्त माझा धीर.

तुझ्या चिरंजीवांचा निरोप पोचला. मामाला आपल्यासाठी वेळ नाही हे आईला कळलं आहे, यापुढे ती फोन करणार नाही आणि आलेला घेणारही नाही. रीत मोडून मीच तुला फोन लावले, ते तू खुशाल वाजू दिलेस. तुझा अबोला काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. लहानपणी माझ्या हातून तुझ्या चित्रावर दूध सांडलं, तेव्हा शेजारी बसूनसुद्धा तू माझ्याशी आईमार्फत बोलत होतीस. आता आई नाही, म्हणून चिरंजीवांना कामाला लावलंस. तेव्हा माझी बाजू एकदा शेवटपर्यंत वाच. (पत्र फाडता येतं, पण तू कागद वाया घालवणारी नव्हेस.)

तर आमचं इंटरनेट वापरात असलं की झकास चालतं. वापरायचं थांबलं की झोपतं. एक चहा करून पिऊन होईपर्यंतसुद्धा त्याला दम निघत नाही. बरं, झोपलंय हे कळावं, तर कपाटावरच्या राउटरचा हिरवा दिवा तसाच चालू. आपण मोबाइल हातात घेऊन काही उघडलं की खडबडून जागं होतं आणि मी कुठे झोपलो होतो, असा आव आणतं. (पेपर तोंडावर धरून घोरणारे आपले अण्णा आठव.) पण ते झोपेत असताना तुझा व्हिडिओ कॉल आला तर तो दारातूनच परत जातो. तुझ्याकडे वाजत राहतो, आमच्याकडे चिडीचूप. तुला वाटतं, हा खुर्चीत बसून माझं नाव वाचतोय आणि उचलत नाही. खुर्चीत बसलेला असतो एवढं खरं.

साधा फोन तू करत नाहीस, कारण त्यात माझं तोंड दिसत नाही आणि तोंड दिसल्याशिवाय मी थापा मारतोय का ते तुला कळत नाही. तशी मोबाइलची रेंज आमच्या घरात फक्त न्हाणीघराच्या खिडकीत येते, तिथे उभं राहून मोठ्या बहिणीशी बोलणं बरं दिसत नाही. आणि फोन मोठ्यानं करायचा, धाकट्यानं वाट बघायची, हा अण्णांचा नियम तू आजवर माझ्याकडून पाळून घेतलास. इतकी वर्षं रोज सकाळी भाजी निवडताना तू फोन करायचीस, मला नावं ठेवायचीस, आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा.

मी हातावर हात ठेवून बसलो नाही. कंपनीला फोन केला (न्हाणीघरातून). तिथल्या मुलीनं अत्यंत गोड आवाजात राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. केला. अर्थातच चाललं. तक्रार दूर झाल्याबद्दल तिनं माझं अभिनंदन केलं, आणि मी न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत लाईन पुन्हा झोपली. मग लाईनवाला आला. त्यानं आल्याआल्या आपला मोबाइल जोडला, काहीतरी लावून बघितलं आणि म्हणाला, चालू आहे की काका. मी म्हटलं, बाबा रे, तू बघतोस म्हणून चालू आहे. जरा स्वस्थ बस, मोबाइलला हात लावू नकोस, मग बघ. ताई, तुला सांगतो, आजच्या माणसाला काहीही न करता बसवणं यासारखं कठीण काम नाही. तुझ्या भावजयीनं त्याच्यापुढे पोहे ठेवले, मी त्याच्या सासुरवाडीची चौकशी केली, पण दर दोन घासांनी त्याचा हात खिशाकडे. शेवटी मी त्याला मोबाइल पूर्ण बंद कर म्हटलं. त्यानं बशी खाली ठेवली, हत्यारांची पिशवी उचलली, आणि दोष आढळला नाही असं लिहून निघून गेला.

मग खालच्या मजल्यावरचे सल्लागार वर आले. (हे नाव मी ठेवलेलं. माणूस वाईट नाही, पण गप्प बसला तर त्याला अजीर्ण होत असावं.) त्यांनी राउटर आरशापासून दूर नेला, फ्रिजपासून दूर नेला, शेवटी माझ्यापासूनही दूर नेला. त्याच्या आत शिरून पासवर्ड बदलला आणि घरी जाईपर्यंत तो विसरले. त्यानंतर लाईन झोपायचा प्रश्नच उरला नाही, कारण ती उठेचना. एक अख्खा दिवस गेला ते निस्तरण्यात.

राहता राहिला एक उपाय. लाईनवर सतत काहीतरी चालू ठेवायचं, म्हणजे तिला डुलकी लागणार नाही. सोफा घरच्या घरी कसा शिवावा याचे व्हिडिओ सापडले, एकातून दुसरा निघतो, संपतच नाहीत. (तुझी भावजय हल्ली आमच्या सोफ्याकडे ज्या नजरेनं बघते ती मला आवडत नाही.) पण तिथेही माशी शिंकली. थोड्या थोड्या वेळानं पडद्यावर प्रश्न येतो, तुम्ही अजून पाहताय का? हो म्हणणारं कोणी नसलं की व्हिडिओ थांबतो, व्हिडिओ थांबला की लाईन झोपते. म्हणून मी टॅबलेट मांडीवर घेऊन बसायला लागलो. प्रश्न आला की अंगठा, प्रश्न आला की अंगठा. होता होता अंगठ्यानं मला विचारणंच सोडून दिलं.

आणि त्या सकाळी तुझा फोन आला. लाईन जागी होती. पडद्यावर तुझा चेहरा उमटला, मला इतका आनंद झाला की काय सांगू, आणि तेवढ्यात अंगठ्यानं आपलं काम केलं. बटण तांबडं होतं. ताई, मी तुझा फोन तोडला नाही. मी तुझ्या फोनसाठीच बसलो होतो.

त्यानंतर कंपनीचे मोठे साहेब येऊन गेले. राउटरच जुना झालाय, बदलावा लागेल, नवा कधी येईल सांगता येत नाही, तोवर लाईन जागी ठेवा, एवढं बोलून तेही गेले. माझी मात्र आशा सुटली आहे. सकाळी चहा होतो, पेपर होतो, आणि मग काय करायचं ते सुचत नाही. मला तुझ्याशी बोलल्याशिवाय करमत नाही. भाचेसाहेबांना आशीर्वाद, आणि निरोप्याच्या नोकरीतून त्यांची सुटका कर.

तुझा,
धाकटा

ता. क. सोफ्याच्या व्हिडिओंवर माझा आता विश्वास उरलेला नाही. तेव्हा लाईनसाठी म्हणून एक करशील का? सकाळी फोन लावायचा आणि तो बंदच करायचा नाही. ओट्यावर उभा करून ठेव. तू बोलायलाच हवंस असं नाही. तुझी भांडी वाजत राहिली तरी लाईन जागी राहील.

ता. क. रागावलेली असलीस तरी चालेल. लाईनला त्यानं फरक पडत नाही.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी लिहिते. नवा राउटर मंगळवारीच बसला, ह्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून लाईन एकदाही झोपलेली नाही. हे मात्र फोन समोर ठेवून तसेच बसून असतात, मी हाक मारली तरी ऐकू येत नाही. तुम्हाला मी हे कळवलं ते ह्यांना कळू देऊ नका. लाईन बिघडलेलीच आहे असं धरून चला, आणि पत्र हातात पडलं की फोन लावा.