पोटरीचं मांस नडगीवर

चैत्र वद्य २, शके १८४२. हैदराबाद.
थोरल्या भावाला, बिरूदादाला, धारूरहून इथल्या दवाखान्यात आणला. गाडीचं चाक नडगीवरून गेलतं, मग जखम चिघळली. हाड उघडं पडलंय. मी कामाला हाय त्या तबेल्यातून सुट्टी घेतली. जमादार कुरकुरला. तबेला सोडून मुंबईला पळायचं मनात व्हतं, ते ऱ्हायलं.

वद्य ३.
डाक्टरसाहेब बोलले, उघड्या हाडावर कातडं धरत न्हाई. एक तर पाय गुडघ्याखाली कापायचा. न्हाईतर त्याच पायाच्या पोटरीचं मांस एका टोकाला जोडलेलं ठेवून फिरवायचं, हाडावर पांघरायचं. त्या मांसात रगत चालू ऱ्हायलं तर ते जगंल. खात्री न्हाई.
दादा म्हणे, "एका पायानं मेंढरांमागं पळू का बे? फिरवा म्हणावं."

वद्य ५.
झालं. शुद्धीवर आला तो, "पोटरीत खड्डा पडला असंल. तुझी वहिनी हसंल."
म्हणलं, तिला तुझ्या तोंडाची सवय हाय, पोटरी कोण बघतंय.
हसला. मग वकला.

वद्य ६.
पट्टी उघडली. मांस लालबुंद. साहेबांनी सुई टोचली, रगताचा थेंब आला. खुश. "पाँव नीचे नक्को छोड़ो," हुकूम.
लांडग्यानं फाडलेलं मेंढरू सोताच्या हातानं शिवणारा माणूस, पण आपल्या पायाकडं बघंना.

वद्य ८.
घात. भाकर आणाया गेलतो. येऊन बघतो तर दादा खिडकीचा गज धरून उभा. भार चांगल्या पायावर, दुखऱ्याचा तळवा गुडघ्याला टेकवलेला. रानात काठीवर रेलून आमी दिसभर असंच उभं ऱ्हातो. पट्टी रगतानं भिजलेली.
"पाय खाली सोडू नको म्हणलं व्हतं ना?"
"खाली कुठं सोडला बे? वर तर धरलाय."
उचलून निजवला. लई हलका झालाय.

वद्य ९.
मांसाची कड काळी. साहेब रागावले न्हाईत, त्याचीच भीती वाटली. काळं मदी सरकलं तर पाय कापणार.
जेवताना दादा म्हणे, "वहिनीला कळवू नको."

वद्य १०.
तबेल्यातून माणूस आला, आजच ये न्हाईतर दुसरा ठेवतो. म्हणलं, ठेवा.
पट्टी उघडताना दादानं तोंड भिंतीकडं केलं. माझा हात धरला. "कसं हाय, सांग."
काळी कड कालच्यापरीस रुंद. का मलाच तसं वाटलं. साहेबांनी मदी सुई टोचली, रगत आलं. उद्या बघू म्हणून गेले.
"मदी लाल हाय," म्हणलं.
कडंचं न्हाई सांगितलं. त्यानंबी न्हाई विचारलं. हात मात्र सोडंना.